मनी परत येण्याआधी

प्रिय मनी,

काल तुझा तिकडून फोन आला तेव्हा मी नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणत राहिले, आणि ठेवल्यावर लक्षात आलं की तू काय विचारत होतीस ते मी ऐकलंच नव्हतं. फोनवर माझं असंच होतं. बाबा शेजारी उभे असतात, स्पीकर लावायला सांगतात, आणि मग मी त्यांच्या कानांना चालेल तेवढंच बोलते. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. बाबा बस स्टँडवर गेलेत. दुपारच्या सगळ्या गाड्या येऊन गेल्याशिवाय ते परतत नाहीत, तेव्हा मला निवांत वेळ आहे. अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घे. एवढं लांबलचक मी कधी कुणाला लिहिलेलं नाही, तुझ्या सासऱ्यांना, बाबांनाही नाही. लग्नाआधी त्यांनी मला जी काही पत्रं पाठवली त्यांत प्रेमाचा शब्द नसायचा, कुठल्या रस्त्यावर गाडी बंद पडली तेवढं असायचं. ड्रायव्हर माणूस, दुसरं काय लिहिणार.

मंगळवारी बाबू घरातून गेल्याला वर्ष झालं. तूही बोलली नाहीस, मीही नाही. त्या दिवशीच्या फोनवर तू विचारलंस, मोरीतला नळ अजून गळतो का, मी म्हणाले गळतो. बाबांनी त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रोजच्यापेक्षा लवकर निघाले. जाताना म्हणाले, आज भाजी जरा जास्त टाक. मी टाकली. रात्री उरली ती दोघांनी दुसऱ्या दिवशी संपवली. भांडी घासताना माझ्या मनात आलं, या एका वर्षात मी जेवढ्या नवीन गोष्टी केल्या तेवढ्या आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून केल्या नसतील. काही माणसं म्हातारपणी हिंडायला निघतात, नवनवीन शिकतात, ओळखी करून घेतात. माझंही तसंच झालं म्हणायचं. तुला त्यातलं बरंच माहीत आहे. काही माहीत नाही. पण मला पहिल्यापासून लिहू दे, नाहीतर मधेच धीर सुटेल.

सगळ्यात सोपं आधी सांगते. कवळी आता छान बसली आहे. तू माप घेतलंस तो दिवस आठवतो? तुझ्या दातांच्या लॅबमधून डबाभर गुलाबी लगदा घेऊन आलीस, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मला बसवलंस, गळ्याभोवती टॉवेल बांधलास आणि म्हणालीस, आई, नाकाने श्वास घ्या. मला उबळ आली, डोळ्यांतून पाणी, तोंडात तो लगदा, आणि तशातही मी तुला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. तू हसायला लागलीस. मग मीही. कितीतरी महिन्यांत आपण दोघी हसलो नव्हतो. आणि मग दोघींनी एकाच वेळी दाराकडे बघितलं, कुणाला ऐकू गेलं असेल तर, म्हणून. तू साचा धुवायला लागलीस. त्या कवळीने मी आता कडक पावही खाते. लोकांना सांगते, सुनेने हाताने घडवलेत माझे दात, म्हणून मला तिच्याशी भांडताच येत नाही.

बाबू त्या सकाळी नेहमीसारखाच निघाला होता. चहा घेतला, पावाचा तुकडा बशीतच ठेवला, बूट घालताना लेस तुटली म्हणून चुकचुकला. एका उंच इमारतीत लिफ्टचं काम होतं. वर पोचल्यावर जोडीदाराला म्हणाला, मोठा पाना खाली राहिला, घेऊन येतो, आणि जिन्याने उतरला तो उतरलाच. पिशवी वरच होती आणि पानाही पिशवीतच होता. जोडीदार बिचारा आधी वाट बघत बसला, मग चिडला, मग घाबरला. त्याआधीचे काही महिने बाबू गप्प गप्प असायचा हे तूही बघत होतीस, मीही. तू म्हणायचीस कामाचा शीण आहे, मी म्हणायचे झोप पुरत नाही. विचारलं की म्हणायचा, काही नाही, कंटाळा आलाय. कंटाळा सगळ्यांनाच येतो. कंटाळा आला म्हणून माणूस जिना उतरून नाहीसा होतो हे कुणाला ठाऊक होतं?

पोलीस ठाण्याची पायरी मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा चढले. तू माझा दंड धरला होतास की मी तुझा, कोण जाणे. साहेबांनी वर्णन विचारलं आणि माझ्या लक्षात आलं, मला माझ्या मुलाचं वर्णन करता येत नाही. उंची? दाराच्या चौकटीला डोकं लागतं एवढी. डोळे? त्याच्या वडिलांसारखे. साहेब बिचारे लिहायला थांबले. मग तू सांगायला लागलीस. डाव्या कोपरावर भाजल्याची खूण, उजवा खांदा किंचित उतरता, समोरचा एक दात बसवलेला, शेजारच्या दातापेक्षा जरासा पांढरा. तो दात तूच घडवला होतास आणि रंग नीट जुळला नाही म्हणून अजून हळहळतेस. मी ऐकत राहिले. जन्म मी दिला, पण बघितलं होतं तू. त्या दिवसापासून मी तुला सून म्हणायचं सोडलं. मनी म्हणायला लागले ते त्यानंतरच. तू घरात मांजरासारखी वावरायला लागलीस, पावलांचा आवाज न करता, बाहेरचा आवाज बुडू नये म्हणून.

लोकांच्या तोंडावर दार लावायला मी या वर्षी शिकले. वरच्या मजल्यावरच्या बाई सांत्वनाला आल्या आणि म्हणाल्या, नवरा-बायकोत काही झालं होतं का हो? मी म्हणाले, हो, तिने त्याला जास्त प्रेमाने वागवलं, ते त्याला सोसलं नाही. आणि दार लावलं. माझ्या जाऊबाईंनी तर स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन विचारलं, सुनेच्या माहेरी कळवलंस का, घेऊन जातील तिला. मी त्यांना चहा न देता परत पाठवलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे खरं. आज त्यांचं ते वाक्य वेगळं ऐकू येतं. ते पुढे सांगते.

मग बाबूचा फोटो छापलेली पत्रकं. पातेलंभर खळ शिजवायची, पत्रकांचा गठ्ठा पिशवीत, आणि आपण दोघी खांबाखांबाला. तू चिकटवायचीस, मी खाली स्टूल धरायचे. हात खळीने ताठ व्हायचे. शेवटी शेवटी तू मला स्टुलावर चढू देत नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडले आणि चढले, आणि वरून बाबूच्या कपाळावर हात फिरवून कागद सपाट केला. खाली उतरल्यावर मी खांबाला धरून उभी राहिले. तुला वाटलं उंचीने.

त्या पत्रकांवर माझा नंबर होता आणि बाबांच्या ओळखीचे ड्रायव्हर ती गावोगावी लावायचे, त्यामुळे मोबाइल वापरायला शिकावंच लागलं. किती फोन आले. कुणी टवाळ पोरं, कुणी नुसतं श्वास घेऊन ठेवणारं, कुणी खरंच काळजीने सांगणारं. त्यातच एका बाईचा आला. तिचं बटणांचं दुकान आहे, लांबच्या गावी. तिने काही पाहिलं नव्हतं. तिचा भाऊ असाच एक दिवस बाहेर पडला तो परत आला नाही, फार वर्षांपूर्वी. पत्रक बघून राहवलं नाही म्हणून बोलावंसं वाटलं, म्हणाली. तेव्हापासून ती दर आठवड्याला फोन करते. तुला मी सांगितलं होतं एक मैत्रीण झालीय म्हणून. तू म्हणालीस, बघा, या वयात. तीच ही बटणवाली. तिच्याविषयीही पुढे सांगते.

बेकरीवाल्याची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती. डोंगरातल्या त्या गावातून फोन आला, हुबेहूब तुमचा मुलगा, बेकरीत काम करतो. तुझ्या लॅबमध्ये तेव्हा कामाची गर्दी होती आणि बाबांचा गुडघा सुजला होता, म्हणून मी एकटी गेले. एकटीने केलेला माझा पहिला प्रवास. आगगाडीत शेजारच्या बाईने विचारलं कुठे, तर मी म्हणाले, मुलाकडे. दुकानात रांग होती. तो पाठमोरा उभा होता, कणीक मळत. मनी, मान तीच. मळताना उजवा खांदा खाली जायचा तोही तसाच. मी रांगेत उभी राहिले. पुढे सरकायला हवं होतं, पण मागच्यांना पुढे जा, पुढे जा म्हणत राहिले. मग कुणीतरी हाक मारली आणि तो वळला.

तो नव्हता हे तुला सांगितलंच. पुढचं नाही सांगितलं. त्याने मला लगेच ओळखलं. म्हणाला, तुम्ही पत्रकातल्या त्या मुलाची आई का? आपल्या पत्रकांमुळे बिचाऱ्याला वैताग आला होता. लोक रस्त्यात दंड धरायचे, आई वाट बघतेय, घरी जा म्हणायचे. शेवटी त्याने मिशा काढून टाकल्या होत्या. हे तो हसत सांगत होता, आणि माझा चेहरा बघून थांबला. आत नेऊन पिठाच्या पोत्यावर बसवलं, गरम पाव दिला, चहा दिला. मी निघायला हवं होतं. पण मी त्याला म्हणाले, बाळा, तू आपला मळायला लाग, माझ्याकडे पाठ करून. मी जरा बसते. तो भट्टीकडे तोंड करून उभा राहिला आणि मळत राहिला. एरवी ते काम लवकर उरकत असेल, पण त्याने पुन्हा पीठ घेतलं, पुन्हा पाणी घातलं, एकदाही मागे वळून बघितलं नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा मी आवाज न करता उठले. त्याला कळलं असणार. पण वळला नाही.

हिवाळ्यात इस्पितळातून फोन आला तेही मी एकटीनेच निभावलं. तुला लॅबमध्ये कळवलं नाही. बाबांना सांगितलं, गुडघ्याचं औषध आणते. नदीकाठी कुणी सापडला होता, बऱ्याच दिवसांनी. शवागारातल्या माणसाने आधीच सांगितलं, बाई, चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, कपडे बघा. कपडे कुणाचेही असू शकतात. मी म्हणाले, दात दाखवा. तो चमकला, पण त्याने दाखवले. मी वाकून बघितलं. सगळे दात ज्याचे त्याचेच होते, एकही बसवलेला नाही. मी म्हणाले, हा नव्हे. बाहेर येऊन बाकावर बसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? मनी, मला जे वाटलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. वाटलं, हा असता तर आज संपलं असतं. रडता आलं असतं आपल्याला, एकदाचं, मन भरून. समोरून एक म्हातारं जोडपं हातात फुलं घेऊन कुणाला तरी भेटायला चाललं होतं आणि मला त्यांचा हेवा वाटला, कारण त्यांचं माणूस कितव्या मजल्यावर आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग औषधाच्या दुकानात जाऊन मी खरंच गुडघ्याचं औषध घेतलं.

गेल्या महिन्यात, तू तिकडच्या मोठ्या लॅबमध्ये शिकायला गेल्यावर, मी पुन्हा ठाण्यात जाऊन आले. साहेब आता नवे आहेत. भले आहेत. त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली आणि अगदी हळू म्हणाले, "आजी, आम्ही आता शोधत नाही. कुणी सापडलं तर कळवू. तुम्ही चकरा मारू नका." मी त्यांचे आभार मानले. घरी आले तर बाबा नुकतेच स्टँडवरून आले होते. तिथले जुने ड्रायव्हर अजून त्यांना ओळखतात, गाडी लागली की दारातूनच मान हलवतात, नाही म्हणून. बाबा मला म्हणाले, आज पूर्वेकडच्या गाडीला फार गर्दी होती, नीट दिसलं नाही, उद्या पुढे उभा राहतो. मी म्हणाले, हो, पुढे उभे राहा. साहेबांचं सांगितलं नाही. त्यांना ते कळलं तर सकाळी उठून कपडे कशासाठी घालायचे हे त्यांना सुचणार नाही.

आता बटणवाली. तिने कितीदा बोलावलं होतं. मागच्या आठवड्यात गेले. दुकान इतकं सुंदर आहे म्हणून सांगू. भिंतभर खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलं एक बटण शिवून लावलेलं. गिऱ्हाईक तुटकं बटण दाखवतं, ती न बघता हात घालते आणि जोडी काढून देते. विनोदी आहे, बोलकी आहे, आपल्याला आवडावी अशी. दुकान बंद करून तिने मला वर घरात नेलं. भावाची खोली आहे तशी ठेवलीय. त्याचे शर्ट दर मोसमाला धुऊन इस्त्री करते. घड्यांवर पिवळे पट्टे पडलेत. तो गेला तेव्हा ती तुझ्याच वयाची होती. एकाने मागणी घातली होती, दुसऱ्या शहरात चांगलं काम मिळत होतं. म्हणाली, मी दोन्हीकडे सांगितलं पुढच्या वर्षी बघू. हे ती हसत हसत सांगत होती. आणि सांगता सांगता जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली की तिचं वाक्य तुटायचं. पावलं वर जाऊन दुसरं दार उघडेपर्यंत ती गप्प, आणि मग बरोबर तिथूनच पुढे, जिथे तुटलं होतं तिथून. तिला हे कळतही नव्हतं. पहिल्यांदा मला वाटलं घशात काही अडकलं. दुसऱ्यांदा माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण मनी, तू हे करतेस. हिवाळ्यापासून करतेस. जेवताना, कपडे वाळत घालताना, माझ्याशी बोलताना. मी कधी तुला सांगितलं नाही, मला वाटलं जाईल. निघताना तिने माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "पहिलं वर्ष फार वाईट असतं हो. नंतर काही वाटत नाही." ती मला धीर देत होती. बसमध्ये बसल्यावर मला जाऊबाईंचं ते वाक्य आठवलं, घेऊन जातील तिला.

आणि परवा तुझ्या तिकडच्या लॅबच्या मोठ्या बाईंचा फोन आला. बाबा घरी नव्हते हे नशीब. त्या म्हणाल्या, शिकायला आलेल्यांतून त्यांना तुला कायमचं ठेवायचंय, तुझ्यासारखा हात त्यांनी बघितला नाही, राहायला वर खोलीसुद्धा आहे, आणि तू नको म्हणालीस. कारण विचारलं तर म्हणालीस, तो घरी आला आणि मी नसले तर? त्यांना वाटत होतं मी तुला समजावावं. मी म्हणाले, समजावते. म्हणून हे लिहितेय, मनी. तू ते काम घे. तो यायचा नाही. हे मी आजवर तोंडाने म्हटलं नव्हतं, आता कागदावर लिहून बघितलं. तो आहे का नाही हे मला माहीत नाही, पण आपल्याकडे यायचा नाही. बाबांना मी हे कधीच सांगणार नाही. त्यांना वाट बघायला सोबत लागते, ती मी आहे, आणि आम्हाला आता दुसरं काही कामही उरलेलं नाही. तू आमच्यात बसू नकोस. तुझे लोकरीचे कपडे आणि दात घडवायची ती बारीक हत्यारं पार्सलने पाठवते. बाबा चिडतील, म्हणतील पोरीने हाय खाल्ली, आपल्याला सोडून गेली. मी सांगेन की मीच तुला छळून घालवली. सासूविषयी असलं काही सांगितलं की लोकांना लगेच पटतं. तिथे कुणाबरोबर जेवताना हसू आलं तर हस, दाराकडे बघू नकोस. हे सगळं तू घरी आल्यावर समोर बसवून सांगावं असं आधी मनात होतं. पण मी स्वतःला ओळखते. तू दारात उभी राहिलीस, तुझी पिशवी खाली ठेवलीस, की मी तुला आत घेईन, गरम पाणी काढून देईन आणि एक शब्द बोलणार नाही. तुला परत पाठवायचं बळ माझ्यात नाही. तू तिकडे आहेस तोवरच मला हे जमेल. येऊ नकोस.

तुझीच,
तू जिला आई म्हणतेस ती